ऑनलाइन दुकानाचा प्लॅटफॉर्म निवडण्याआधी एक ऑर्डर वहीत उतरवा

तांबट आळीत शिरलं की दुकानं दिसायच्या आधी ठोके ऐकू येतात. कसबा पेठेतली ही गल्ली तांब्यापितळेच्या भांड्यांची. पत्र्यावर हातोडीने एकसारखे ठोके देत जे चमकते खळगे उठवतात, त्याला इथे मठारकाम म्हणतात. तिथल्या एका दुकानात काकांनी मला स्टूल दिलं, चहा मागवला आणि थेट मुद्द्यावर आले.

"ताई, वेबसाइट करायचीय. पुतण्या म्हणतो शॉपिफाय घ्या, जावई म्हणतात वर्डप्रेस. तुम्ही सांगा, कुठलं घेऊ?"

मी म्हटलं, "काका, ते राहू दे जरा. नुकतीच आलेली एखादी ऑर्डर मला पहिल्यापासून सांगा."

ती ऑर्डर नाशिकची होती. एका बाईंनी व्हॉट्सअ‍ॅपवर हंड्याचा फोटो बघितला आणि भाव विचारला. काकांनी उलट विचारलं, "कुठला हवा?" हाताने घडवलेली भांडी, एकाच मापाच्या दोन हंड्यांच्या वजनात शे-दोनशे ग्रॅमचा फरक पडतोच, आणि भाव वजनावर ठरतो. मग चार हंड्यांचे फोटो गेले, त्यातला एक पसंत पडला, तोवर तो दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाने उचलला होता. पुन्हा फोटो. पैसे यूपीआयने आले. हंडा अडीच किलोचा, म्हणून काकांनी अडीच किलोचं भाडं धरून आकडा सांगितला होता. कुरियरवाल्याने खोक्याला टेप लावली आणि सात किलोचं बिल केलं. वरचे पैसे काकांच्या खिशातून गेले.

प्लॅटफॉर्म, म्हणजे ज्यावर ऑनलाइन दुकान उभं राहतं ते सॉफ्टवेअर, निवडायला जे काही बघावं लागतं ते जवळजवळ सगळं या एका ऑर्डरमध्ये आहे. पुण्यातल्या लहान दुकानांच्या वेबसाइटी करण्याचं आणि सांभाळण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. प्लॅटफॉर्म चुकला म्हणून हळहळणारी माणसं भेटतात, तेव्हा बहुतेक वेळा त्यांनी आधी नाव ठरवलेलं असतं आणि आपला धंदा नंतर त्यात कोंबलेला असतो. उलट्या बाजूने कसं यायचं, ते पायरीपायरीने सांगते.

पायरी १ : दहा ऑर्डरी वहीत लिहा

साधी वही घ्या. गेल्या महिन्यातल्या दहा ऑर्डरी आठवून प्रत्येकीसाठी एक पान करा. पानावर पाच गोष्टी : गिऱ्हाइकाने काय काय विचारलं, भाव कसा ठरला, पैसे कसे आले, माल कसा गेला, आणि माल पोचल्यावर काय झालं. मग लाल पेन घेऊन जिथे तुमचा वेळ गेला किंवा पैसे गेले तिथे खूण करा.

दहा पानं झाली की लाल खुणा एकाच दोन जागी गोळा झालेल्या दिसतात. आपलं घोडं नेमकं कुठे पेंड खातं ते तिथे कळतं. प्लॅटफॉर्म त्या जागी मजबूत हवा. बाकीच्या जागी तो सामान्य असला तरी चालेल.

काकांच्या खुणा होत्या भाव आणि कुरियर या दोन ठिकाणी. कोथरूडला माझी मावसबहीण खणाच्या पर्स शिवते. गुळेदगुड्डहून आलेल्या खणाच्या एका तुकड्यात तिच्या चार-पाच पर्स होतात आणि तो रंग पुन्हा तसाच येईल याची खात्री नाही. तिच्या वहीत सगळी लाल शाई एकाच प्रश्नाभोवती होती : "हा रंग अजून आहे का?" तिसऱ्या एक काकू, सहकारनगरच्या, दिवाळीचा फराळ करतात. त्यांची अडचण तारखेची. चकल्या अमुक दिवशीच हव्या असतात आणि एका दिवसात तळून होणाऱ्या किलोंना मर्यादा आहे.

तिन्ही दुकानं लहान, तिन्ही पुण्यातली, आणि तिघांची निवड शेवटी वेगवेगळी झाली. ती कशी झाली ते पुढे येईलच.

पायरी २ : वेबसाइट आत्ताच हवी का, ते ठरवा

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचं अ‍ॅप फुकट आहे आणि त्याच्या कॅटलॉगमध्ये ५०० वस्तू ठेवता येतात. महिन्याला दहा-पंधरा ऑर्डरी आणि प्रत्येक ऑर्डरीत चार वाक्यं बोलावीच लागतात, असा धंदा असेल तर अजून सहा महिने तिथेच राहा असं मी स्पष्ट सांगते. बहिणीला तेच सांगितलं. ती रोज रात्री कॅटलॉगमधून संपलेले रंग काढते. दहा मिनिटांचं काम आहे. वर्षभराने तिच्या ऑर्डरी वाढल्या तेव्हा कुठला रंग किती चालतो हे तिला तोंडपाठ झालं होतं, आणि वेबसाइटवर काय ठेवायचं हा प्रश्नच उरला नाही.

मोठ्या बाजारपेठांच्या साइटवर विकणं हा वेगळा मार्ग आहे. तिथे गर्दी आयती मिळते, पण कमिशन जातं आणि गिऱ्हाईक त्यांचं राहतं. सरकारच्या पुढाकाराने २०२१ च्या अखेरीला स्थापन झालेल्या ओएनडीसी या खुल्या ऑनलाइन विक्रीच्या जाळ्यातही विक्रेता अ‍ॅपमार्फत उतरता येतं. हे दोन्ही जोडधंदा म्हणून जरूर करा. पण दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा येणारं गिऱ्हाईक ज्याला हवं आहे, त्याला आज ना उद्या स्वतःचं दुकान लागतंच.

पायरी ३ : तीन जातींतली एक निवडा

नावं शंभर असली तरी जाती तीनच.

पहिली, दरमहा भाडं भरायची. शॉपिफाय, विक्स, झोहो कॉमर्स ही यातली माहितीची नावं. सर्व्हर, सुरक्षा, अपडेट हे सगळं त्यांच्याकडे. शॉपिफाय कॅनडातली कंपनी, २००६ पासून आहे. झोहो चेन्नईची, आणि ज्यांची हिशेबाची वही आधीच झोहो बुक्समध्ये आहे त्यांना तिथे साठा आणि बिलं जुळवणं सोपं जातं.

दुसरी, स्वतः चालवायची. यात मुख्य वूकॉमर्स. हे वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर बसणारं प्लगइन, म्हणजे जोडभाग, २०११ मध्ये आलं, आणि मूळ सॉफ्टवेअर फुकट आहे. फुकट म्हणजे फक्त सॉफ्टवेअर. होस्टिंग (साइट ज्या सर्व्हरवर राहते ती भाड्याची जागा), बॅकअप, दर काही आठवड्यांनी येणारे अपडेट, अपडेटनंतर एखादं प्लगइन रुसलं तर त्याची समजूत काढणं, हे सगळं तुमच्या अंगावर. ओपनकार्टही याच जातीचं.

तिसरी, कुणाकडून तरी पहिल्या ओळीपासून लिहून घ्यायची. लहान दुकानाने या वाटेला जाऊ नये. लिहिणारा माणूस उद्या दुसऱ्या नोकरीत जातो आणि त्याचं काम उघडून बघायला दुसरा कुणी तयार होत नाही.

पहिली की दुसरी, हे ठरवायला मी एकच प्रश्न विचारते : रविवारी रात्री साइट बंद पडली तर कोण बघणार? घरात असं कुणी असेल ज्याला यात रस आहे आणि वेळही आहे, किंवा महिन्याचे पैसे देऊन सांभाळणारा माणूस ठरलेला असेल, तर वूकॉमर्स उत्तम आहे. हवं तसं वळवता येतं. काकांचा पुतण्या हिंजवडीला आयटीत आहे, पण तो सकाळी साडेसातला बाहेर पडतो आणि रात्री नऊला घरी येतो. त्याच्या भरवशावर दुकान ठेवणं त्याच्यावरही अन्यायाचं होतं. काकांसाठी भाड्याचा प्लॅटफॉर्म ठरला तो इथेच.

पायरी ४ : महिन्याचा नव्हे, वर्षाचा हिशेब मांडा

जाहिरातीत दिसतो तो आकडा भाड्याचा. पूर्ण खर्च वहीत मांडल्याशिवाय तुलना करू नका. उदाहरण म्हणून महिन्याला ६० ऑर्डरी आणि सरासरी ९०० रुपये धरू. विक्री ५४,००० रुपये.

पेमेंट गेटवे म्हणजे साइटवर गिऱ्हाइकाचे पैसे घेऊन तुमच्या खात्यात पोचवणारी सेवा. तिचा दर साधारण २ टक्के असतो. म्हणजे १,०८० रुपये, आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, १९४ रुपये. एकूण १,२७४. हा खर्च दोन्ही जातींना आहे.

आता फरकाची जागा. शॉपिफायची स्वतःची पेमेंट सेवा भारतात नाही, त्यामुळे रेझरपे, कॅशफ्री, पेयू यांच्यासारखा गेटवे जोडावा लागतो. असा बाहेरचा गेटवे जोडला की बेसिक प्लॅनवर शॉपिफाय स्वतःचे आणखी २ टक्के घेतं. आपल्या उदाहरणात महिन्याला आणखी १,०८० रुपये, वर्षाला जवळपास १३,०००. भाड्याच्या आकड्यात हे दिसत नाही, म्हणून लोक फसतात. वरच्या प्लॅनवर हा टक्का कमी होतो; विक्री वाढली की प्लॅन बदलण्याचा हिशेब पुन्हा करावा लागतो.

वूकॉमर्सला हे २ टक्के नाहीत. पण होस्टिंग, विकतची प्लगइन, आणि सांभाळणाऱ्याचा पगार आहे. तो माणूस घरचा असला तरी त्याच्या तासांचे पैसे वहीत लिहा. न लिहिलेला खर्च हाच पुढे भांडणाचं कारण होतो.

दोन्ही रकाने पूर्ण भरा : भाडं किंवा होस्टिंग, डोमेन (साइटचा पत्ता), गेटवे, वरचा टक्का, अ‍ॅप किंवा प्लगइन, फोटो, सांभाळ. भाड्याच्या प्लॅटफॉर्मवर छोट्या छोट्या अ‍ॅपचं मासिक शुल्क हळूहळू चढतं, म्हणून तिसऱ्या महिन्याचं बिल पहिल्या महिन्याच्या बिलाशी ताडून बघायची सवय लावा.

पायरी ५ : पैसे कसे येतील ते आधी बघा

गेटवेचं काम प्लॅटफॉर्म घेण्याच्या आधी सुरू करा, कारण वेळ इथेच लागतो. पॅन, बँक खातं, पत्त्याचा पुरावा, धंद्याचा पुरावा हे मागतात. वीसपेक्षा कमी कामगार असतील तर महाराष्ट्रात दुकान-आस्थापनेची नोंदणी नव्हे, फक्त ऑनलाइन सूचना पुरते. लोक तिलाही शॉप अ‍ॅक्टच म्हणतात. उद्यम, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, फुकट आहे. त्यासाठी पैसे मागणाऱ्या साइटी भरपूर आहेत, त्यांच्या नादी लागू नका. साइटवर परतीचे नियम, माल पाठवण्याचे नियम, खासगी माहितीचं धोरण आणि संपर्काचं पान नसेल तर गेटवे अर्ज अडवून ठेवतो.

यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याला एमडीआर, म्हणजे व्यवहारामागे कापलं जाणारं शुल्क, नाही. तरी गेटवे स्वतःचं सेवाशुल्क लावू शकतो, म्हणून दरपत्रकातली यूपीआयची ओळ वेगळी वाचा. आणि पैसे खात्यात यायला साधारण दोन कामकाजाचे दिवस जातात. दिवाळीच्या तोंडावर रोज किराणा भरणाऱ्या फराळाच्या काकूंना हे दोन दिवस फार जड गेले होते. तेवढं खेळतं भांडवल हाताशी ठेवा.

पायरी ६ : खोकं मोजा

या पायरीवर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण लहान दुकानाचा नफा इथे गळतो आणि प्लॅटफॉर्म निवडताना याकडे कुणी बघत नाही.

कुरियर खरं वजन आणि आकारमानाचं वजन यातलं जे जास्त ते धरतं. आकारमानाचं वजन काढायची रूढ रीत अशी : लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५,००० ने भागायची. काकांच्या हंड्याचं खोकं ३२ बाय ३२ बाय ३५. गुणाकार ३५,८४०, भागाकार ७.१७. अडीच किलोच्या हंड्याला सात किलोच्या वरचं भाडं का लागलं ते कळलं. चिवड्याचंही तेच. एक किलो चिवडा चुरा होऊ नये म्हणून ३० बाय २५ बाय २० च्या खोक्यात घातला, की तो कुरियरच्या लेखी ३ किलो.

तुम्ही काय करायचं? आधी तुमची खोकी तीन-चार मापांत बसवा. रविवार पेठेत, बोहरी आळीच्या बाजूला खोकी आणि पॅकिंगचं सामान घाऊक मिळतं. आपला माल सोबत नेऊन तिथेच बसवून बघा. मग प्रत्येक वस्तू कुठल्या खोक्यात जाते ते लिहा आणि त्या खोक्याचं आकारमानाचं वजन काढून ठेवा.

आता प्लॅटफॉर्मकडे वळा. वूकॉमर्समध्ये प्रत्येक वस्तूला वजनाबरोबर लांबी-रुंदी-उंचीचे रकाने मुळातच असतात. कुरियरचा ताजा दर गिऱ्हाइकाला पैसे भरायच्या पानावर दाखवायचा असेल, तर शॉपिफायच्या खालच्या प्लॅनवर त्यासाठी जास्तीचे पैसे लागू शकतात, घेण्याआधी विचारा. पण त्याशिवायही काम होतं. आम्ही काकांच्या दुकानात असं केलं : वस्तूच्या वजनाच्या रकान्यात भांड्याचं वजन न लिहिता ज्यावर भाडं लागतं ते वजन लिहिलं, हंड्याला ७.२ किलो. खरं वजन वर्णनात, ठळक, कारण तांब्याचं गिऱ्हाईक वजन विचारतंच. मग वजनाच्या टप्प्यांप्रमाणे दर लावले : पुणे, उरलेला महाराष्ट्र, बाहेरची राज्यं. तेव्हापासून भाड्यात खिशातून गेलेलं नाही.

काकांचा भावाचा प्रश्नही असाच वहीत सुटला. प्रत्येक हंडा ही स्वतंत्र वस्तू, साठा एक, फोटो त्याचाच, वजन त्याचंच. साइटवर विकला की साठा आपोआप शून्य होतो, दुकानात उचललेला हंडा मात्र काउंटरवरच मोबाइलवरून शून्य करायची सवय तेवढी लावावी लागली. तांब्याचा दर हलला की सगळी यादी सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या तक्त्यात, उतरवून घ्यायची, एक्सेलमध्ये वजन गुणिले दर अधिक मजुरी असं सूत्र लावायचं, आणि फाइल परत चढवायची. पहिल्यांदा काकांच्या सुनेला दोन तास लागले होते, आता वीस मिनिटांत होतं.

कपडे विकणाऱ्यांनी आणखी एक बघावं. शॉपिफायवर एका वस्तूला पर्यायांचे तीनच प्रकार देता येतात. माप, रंग, बाही इथे ते संपतात. चौथं काही, म्हणजे अस्तर हवं-नको, हे वेगळ्या मार्गाने करावं लागतं.

कॅश ऑन डिलिव्हरीबद्दल माझं मत ठाम आहे : पहिले तीन महिने ठेवू नका. दारातून परत आलेल्या पार्सलाचं जाण्याचं आणि येण्याचं, दोन्ही भाडं तुम्ही भरता. फराळासारखा माल तर परत येऊन उपयोगाचाही नसतो.

पायरी ७ : मराठी आणि मोबाइल, दोन्हीची परीक्षा घ्या

प्लॅटफॉर्मचं डेमो दुकान लॅपटॉपवर सुंदर दिसतं. तुमचं गिऱ्हाईक मात्र पीएमपीच्या बसमध्ये उभं राहून, एका हाताने, साध्या अँड्रॉइडवर बघणार आहे. घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवर, वायफाय बंद करून साइट उघडा. वस्तू निवडण्यापासून यूपीआय अ‍ॅप उघडेपर्यंत किती वेळा बोट लावावं लागतं ते मोजा. मधे खातं उघडायची सक्ती असेल तर ती बंद करता येते का बघा; शॉपिफाय आणि वूकॉमर्स दोन्हीकडे पाहुण्या गिऱ्हाइकाला खात्याशिवाय खरेदी करू देता येतं.

मग मराठीची परीक्षा. तयार थीममध्ये, म्हणजे साइटच्या आयत्या साच्यात, बहुधा इंग्रजीचाच फॉन्ट असतो आणि देवनागरी फोन देईल त्या फॉन्टात उमटते. एका वस्तूच्या नावात मुद्दाम "दुसऱ्या मापाची सुरी, मठारकामाचा तांब्या, लाल शेंदरी खण" असं लिहा आणि बघा : "ऱ्या" नीट जुळतो का, ल आणि श मराठी वळणाचे येतात की हिंदी. मुक्तासारखे खुले देवनागरी फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत. थीममध्ये ते बसवता येतात ना, एवढं तपासा.

शोधाच्या चौकटीकडे तर फार कमी लोक लक्ष देतात. आपली माणसं वाचतात मराठी, पण टाइप करतात इंग्रजी अक्षरांत, आणि प्रत्येकाचं स्पेलिंग निराळं. चकली हा शब्द मी तीन स्पेलिंगांनी शोधलेला पाहिला आहे. प्लॅटफॉर्मवर वस्तूंना टॅग, म्हणजे ओळखीचे जादा शब्द, लावता आले पाहिजेत आणि शोधात ते धरले गेले पाहिजेत. मग देवनागरी आणि रोमन दोन्ही रूपं टॅगमध्ये घाला. ऑर्डरचा एसएमएस मराठीत पाठवणार असाल तर लक्षात ठेवा, इंग्रजी एसएमएस १६० अक्षरांचा असतो, देवनागरीचा ७०. मजकूर लांबला की दोन एसएमएसचे पैसे.

पायरी ८ : कायद्याची पानं

हे थोडक्यात, पण टाळू नका. ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम जुलै २०२० पासून लागू आहेत. साइटवर धंद्याचं कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव हवं. लहान दुकानात तो अधिकारी म्हणजे तुम्हीच. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करायचं असतं. पाकीटबंद मालासाठी वैधमापनशास्त्राच्या नियमांप्रमाणे निव्वळ वजन, एमआरपी, उत्पादकाचं नाव-पत्ता हे साइटवरही दिसलं पाहिजे. खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवाना-नोंदणीचा, क्रमांक.

जीएसटीसाठी मालाच्या धंद्याला महाराष्ट्रात ४० लाखांची मर्यादा आहे, पण माल दुसऱ्या राज्यात पाठवायचा असेल तर काही हस्तकला वस्तूंची सूट सोडल्यास उलाढाल कितीही असो, नोंदणी लागते. वेबसाइट उघडली की पहिली ऑर्डर बेळगावची किंवा इंदूरचीही येऊ शकते. हे सीएशी आधी बोला. प्लॅटफॉर्ममध्ये बघायचं ते एवढं : बिलावर एचएसएन (मालाचा जीएसटी कोड) येतो का, महाराष्ट्रात सीजीएसटी-एसजीएसटी आणि बाहेर आयजीएसटी असं आपोआप पडतं का, आणि कराचा दर एका जागी बदलता येतो का. २२ सप्टेंबर २०२५ ला दर बदलले आणि नमकीन १२ वरून ५ टक्क्यांवर आलं, ऐन दिवाळीच्या तोंडावर. फराळाच्या काकूंच्या मुलाने कर गटाने लावलेला होता. त्याने एक आकडा बदलला आणि काम संपलं.

पायरी ९ : पाटी स्वतःच्या नावावर ठेवा

अप्पा बळवंत चौकाजवळ माझ्या मामांचं पुस्तकांचं दुकान. त्यांची साइट एका ओळखीच्या मुलाने केली; चांगला मुलगा, काम नीट केलं. डोमेन त्याने स्वतःच्या ईमेलवरून घेतलं, कारण तेव्हा तेच सोपं होतं. मामांनी कॅरीबॅगवर, बिलबुकावर, दुकानाच्या पाटीवर पत्ता छापला. दोन वर्षांनी मुलगा परदेशी गेला, तो ईमेल वापरेनासा झाला, नूतनीकरणाची पत्रं तिथेच पडून राहिली. एका सोमवारी साइट उघडेना. मला कळलं तेव्हा मुदतीनंतरची सवलतही संपली होती आणि डोमेन दुसऱ्याच कुणीतरी घेतलेलं होतं. मामा काही बोलले नाहीत. छापून आलेल्या कॅरीबॅगचे गठ्ठे त्यांनी माळ्यावर टाकले. नवीन डोमेन घेतलं, पण जुन्या पत्त्यावर येणारी शाळांची मागणी हळूहळू थांबली.

डोमेन कुणाच्या नावावर आहे, हे मी आधी विचारायला हवं होतं आणि विचारलं नव्हतं. तेव्हापासून पहिल्या भेटीत मी विचारते. डोमेन तुमच्या ईमेलवर, तुमच्या मोबाइलवर, तुमच्या कार्डाने. प्लॅटफॉर्मसोबत फुकट मिळणाऱ्या डोमेनपेक्षा वेगळीकडे स्वतः घेतलेलं बरं, म्हणजे प्लॅटफॉर्म बदलला तरी पत्ता तोच राहतो. गेटवेचं खातं, प्लॅटफॉर्मचं मालक खातं, गूगलवरची दुकानाची नोंद हे सगळं तुमच्या नावावर. साइट करणाऱ्याला वेगळा लॉगइन द्या; काम झालं की काढून घ्या.

सामान उचलून नेता येतं का तेही घेतानाच बघा. वस्तू, गिऱ्हाइकं, ऑर्डरी या सीएसव्हीत बाहेर काढता येतात का? शॉपिफायवर वस्तूच्या पत्त्यात "प्रॉडक्ट्स" हा शब्द येतोच, तो बदलता येत नाही. वूकॉमर्समध्ये पत्त्याची रचना ठरवता येते. त्यामुळे एकीकडून दुसरीकडे जाताना जुने दुवे नव्याकडे वळवावे लागतात, नाहीतर गूगलवरून येणारं गिऱ्हाईक रिकाम्या पानावर येऊन परत जातं.

पायरी १० : दहा वस्तू, पंधरा दिवस

आता दोन नावं उरली असतील. दोन्हीकडे चाचणीचं दुकान उघडा आणि फक्त दहा वस्तू चढवा, त्याही स्वतःच्या हाताने. वहीतल्या त्याच दहा ऑर्डरी घेऊन दुसऱ्या गावच्या नातेवाइकांना खरेदी करायला सांगा. एकाला एका वस्तूची ऑर्डर रद्द करायला सांगा, एकाला चुकीचा पिनकोड टाकायला, एकाला परतावा मागायला. लाल पेन घेऊन पुन्हा खुणा करा. ज्या पानांवर आधी लाल होतं तिथे आता काय दिसतं ते बघा.

वूकॉमर्स घेणाऱ्यांनी गर्दीचीही चाचणी करावी. फराळाच्या काकूंकडे तारीख निवडायची सोय आणि दिवसाला इतकेच किलो ही मर्यादा हवी होती, मुलगा सांभाळायला होता, म्हणून वूकॉमर्स घेतलं आणि ते योग्यच होतं. पण होस्टिंग सगळ्यात स्वस्तातलं, अनेकांत वाटलेलं. वसुबारसेच्या पंधरा दिवस आधी सोसायट्यांच्या ग्रुपवर त्यांची यादी फिरली आणि संध्याकाळी सात ते दहा साइट उघडेना. काकूंनी त्या तीन तासांत फोनवर ऑर्डरी घेतल्या, कढई बाजूला ठेवून. दुसऱ्या वर्षी होस्टिंग बदललं, सर्व्हर मुंबईतला घेतला, आणि नवरात्रातच वीस-पंचवीस नातेवाइकांना एकाच वेळी साइट उघडायला बसवलं.

चाचणी संपली की वहीच्या शेवटच्या पानावर डोमेन, होस्टिंग किंवा भाडं आणि विकतची प्लगइन यांच्या नूतनीकरणाच्या तारखा लिहा, आणि तेच पान कॅलेंडरशेजारी भिंतीला लावा. काकांच्या दुकानात ते पान तराजूच्या वर आहे.